नोंदणी क्रमांक नसलेली संस्था

संस्थेचा इतिहास म्हटला की पहिल्याच परिच्छेदात स्थापनेची तारीख येते, मग संस्थापकांची नावं, मग घटनेतलं उद्दिष्ट. अमरावती-अकोल्याच्या हौशी रंगभूमीला यातलं काहीच नाही. मंडळं उदंड झाली. काही एका नाटकापुरती जगली, काही दोन मित्रांचं भांडण होईपर्यंत, काही बदली झालेल्या एखाद्या साहेबासोबतच गावातून गेली. प्रत्येकाचा शिक्का वेगळा, लेटरहेड वेगळं. पण रंगभूषाकार तोच, दिवेवाला तोच, तबलजी तोच आणि पहिल्या रांगेत बसून नाक मुरडणारेही तेच. ही सगळी मिळून एकच संस्था आहे असं मी धरून चालतो. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तिची नोंद नाही, एवढंच.

तिची स्थापना कुणी केली असं विचारलंच, तर कापसाने आणि आगगाडीने. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचं नशीब फळफळलं. हा मुलूख १८५३ सालीच निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता. त्यांनी घाईने रूळ टाकले. १८६७ पर्यंत मुंबईची गाडी अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचली. अमरावती मुख्य मार्गापासून बाजूला राहिली. तिला बडनेऱ्याहून फाटा मिळाला. खामगावला जलंबहून. रूळ टाकले ते गाठी मुंबईला नेण्यासाठी, पण त्याच रुळांवरून नाटक कंपन्या उलट दिशेने आल्या.

कंपनीचा संसार मोठा असे. पडदे, पेट्या, दागदागिने, आचारी, पाणक्या, गाणारे, न गाणारे आणि उगीचच सोबत असणारे. एवढा लवाजमा हलवायचा तर गावात पैसा खुळखुळत असायला हवा. वऱ्हाडात तो दिवाळीनंतर खुळखुळे, कापूस बाजारात आला की. जिनिंगचे मालक, अडते, वकील आणि तालुक्याहून छकड्यात बसून आलेले देशमुख हा प्रेक्षक. किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व, बलवंत अशी नावं आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी घरच्या माणसांसारखी असत, ती या मोसमामुळे. पीक बुडालं तर मुक्काम आखडता घेतला जाई. रंगभूमी आणि पऱ्हाटी यांचं हे नातं पुढेही सुटलं नाही. आजही ज्या वर्षी सोयाबीन-कापसाला भाव नसतो त्या वर्षी स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करणाऱ्या कार्यकर्त्याला विचारा.

प्रेक्षकांतला सर्वांत मोठा माणूस अर्थातच दादासाहेब खापर्डे. गणेश श्रीकृष्ण खापर्डे (१८५४–१९३८), अमरावतीचे नामांकित वकील, टिळकांचे जिवाभावाचे सहकारी. १८९७ साली अमरावतीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. १९०५ साली मुंबईत पहिलं मराठी नाट्यसंमेलन झालं, त्याच्या अध्यक्षपदी हेच दादासाहेब. आपल्याकडच्या प्रत्येक नाट्यविषयक भाषणात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगावीच. पण तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं तर गंमत दिसते. अध्यक्ष म्हणून नट निवडला नाही, नाटककारही नाही. निवडला तो एक रसिक वकील. त्या काळी नटाला घर भाड्याने मिळायची मारामार होती. या धंद्याला चारचौघांत उजळ माथ्याने बसवायचं तर मागे कुणीतरी वजनदार माणूस उभा राहायला हवा, हे संमेलन भरवणाऱ्यांनी ओळखलं असावं. वऱ्हाडने मराठी रंगभूमीला आधी प्रेक्षक दिला आणि त्या प्रेक्षकाला अध्यक्ष करण्यात आलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. अमरावतीत आज खापर्डे बगीचा हे वस्तीचं नाव म्हणून उरलं आहे. रिक्षावाल्याला ते ठाऊक असतं, नाट्यसंमेलन ठाऊक नसतं.

नाटककारही होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) जन्माने नागपूरचे, पण बालपण बुलढाण्यात गेलं आणि वकिली अकोला, खामगाव, जळगाव जामोद या पट्ट्यात झाली. किर्लोस्कर मंडळीने त्यांचं ‘वीरतनय’ १८९६ साली रंगभूमीवर आणलं. पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या उडत्या चाली मराठी संगीत नाटकात आल्या त्या त्यांच्यामुळे, आणि त्याबद्दल त्यांनी बोलणीही खाल्ली. कोल्हटकरांची नाटकं आज कुणी करत नाही. कथानकात इतक्या गाठी की सोडवता सोडवता तिसरा अंक उजाडतो. मला नेहमी वाटतं, याचं एक कारण नकाशावर सापडतं. नाटक पश्चिमेकडे बसवलं जाई आणि लेखक जळगाव जामोदच्या कोर्टात एखादा शेताच्या बांधाचा दावा चालवत असे. तालमीत रोज बसणारा लेखक नको ती गाठ तिथल्या तिथे कापतो. टपालाने नाटक पाठवणाऱ्याला ती सोय नसते. त्यांचा विनोद मात्र टिकला, ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये आणि त्याहून जास्त गडकऱ्यांमध्ये, जे त्यांना उघडपणे गुरू म्हणत. अकोल्याच्या एखाद्या तरुण गटाने ‘मूकनायक’ची निदान कापलेली आवृत्ती अभिवाचनाला घ्यावी, ही सूचना मी इथे करून ठेवतो. चार शिव्या पडतील, पण ऐकायला लोक येतील.

वीर वामनराव जोशी (१८८१–१९५६) यांची तऱ्हा वेगळी. ते अमरावतीचे आणि अमरावतीतच राहिले. मधल्या काळात तुरुंगात राहिले ते सोडून. ‘स्वतंत्र हिंदुस्थान’ हे पत्र त्यांनी चालवलं. त्यांचं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ ललितकलादर्शने केलं आणि केशवराव भोसल्यांची मृणालिनी गाजली. मग १९२७ साली ‘रणदुंदुभी’, बलवंत संगीत मंडळीचं. वझेबुवांच्या चाली, दीनानाथ मंगेशकरांची तेजस्विनी. या नाटकातली पदं पुढे नाटकापासून सुटी होऊन सभांमधून, प्रभातफेऱ्यांमधून गेली. लेखकाला याहून मोठं मानधन नाही, आणि वामनरावांना बहुधा एवढंच मिळालं.

त्याच १९२७ सालची आणखी एक घटना या इतिहासात यायलाच हवी, जरी ती नाटक नव्हती. अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये १३ नोव्हेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. विषय होता अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा. ज्यांना देवळाच्या पायरीवर येऊ दिलं जात नव्हतं ते लोक नाट्यगृहात, रंगमंचावर आणि रंगमंचासमोर, अध्यक्षाच्या आसनासह बसले होते. आमच्या गौरवलेखांमध्ये इंद्रभुवनचं नाव आलं की नटांच्या टाळ्यांची आठवण निघते. तिथे घडलेली सर्वांत मोठी गोष्ट मात्र पडद्याशिवाय, रंगभूषेशिवाय घडली. आणि हेही मान्य करायला हवं की मोसमाला छकड्यांतून येणाऱ्या त्या प्रेक्षकवर्गात ही माणसं क्वचितच होती. त्यांचा रंगमंच वेगळा होता: जलसा. तो आमच्या नाट्यइतिहासात तळटीप म्हणून येतो, हे काही बरोबर नाही.

गावांकडे तर संगीत नाटकाच्या आधीपासून दंडार होती, सोंगं होती, भारूड-गोंधळ होता. आणि गाडगेबाबांचं कीर्तन होतं. शेंडगावचा हा माणूस हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचा आणि रात्री लोकांना प्रश्न विचारायचा. श्रोत्यांनी उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकायचंच नाही, अशी ती पद्धत. वऱ्हाडी प्रेक्षक नाटक चालू असताना नटाला मधूनच उत्तर देतो, अशी तक्रार पुण्या-मुंबईचे लोक करतात. ज्याच्या आजीने गाडगेबाबांना उत्तरं दिली तो नटाला का भिईल? बाहेरून येणाऱ्या व्यावसायिक नटांपैकी जे मुरलेले असतात ते हे उत्तर झेलतात आणि पुढचं वाक्य त्यावरच बांधतात.

१९३१-३२ नंतर बोलपट आले आणि कंपन्यांचे मोसम आटले. खुद्द बलवंत मंडळी चित्रपटाकडे वळली आणि त्यात हात पोळून बसली. थिएटरांच्या दारावर टॉकीजच्या पाट्या लागल्या. नाटक उरलं ते स्नेहसंमेलनात, गणपतीत आणि कचेऱ्यांत. इथून पुढची संस्था खऱ्या अर्थाने आपली. तोवर आपण पाहुण्यांना टाळ्या देत होतो. आता टेबलं-खुर्च्या आपणच उचलायला लागलो.

या हौशी मंडळींना दिशा दिली ती राज्य नाट्य स्पर्धेने. मुंबई राज्यात ती १९५४ साली सुरू झाली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला, तेव्हा या स्पर्धेचं दार आपल्याला उघडलं. विदर्भाच्या वेगळ्या राज्याबद्दल कुणाचं काही मत असो. संयुक्त महाराष्ट्राचा आपल्या नाटकवाल्यांना थेट लाभ झाला तो हा. कंपनीच्या मोसमाची जागा स्पर्धेच्या मोसमाने घेतली. योगायोग असा की तोही साधारण कापूस वेचणीचाच काळ.

स्पर्धा म्हणजे काय, हे ज्यांनी केली नाही त्यांना सांगून कळत नाही; तरी सांगतो. अनामत रक्कम भरा. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळवा. बोलीभाषेत त्याचं नाव अजून सेन्सॉरच आहे. लेखकाची परवानगी काढा. मग तालमीला जागा शोधा. शाळेची खोली संध्याकाळी सातनंतर मिळते, पण बाकं जागेवर ठेवून जायची अट असते. नायक महावितरणमध्ये, त्याची दुसरी पाळी. खलनायक शिक्षक, त्याला निवडणुकीचं काम लागलेलं. नायिका मिळण्याचा प्रश्न तर पिढ्यानपिढ्या. एके काळी मंडळं स्त्री-पात्रविरहित नाटकंच शोधत. नंतर मुली येऊ लागल्या, पण आधी दिग्दर्शकाने तिच्या घरी जाऊन चहा प्यायचा, वडिलांना नाटकाची गोष्ट सांगायची, त्यातला दुसरा अंक जरा सौम्य करून सांगायचा आणि रात्री घरी सोडण्याची हमी द्यायची. ज्या बायांनी त्या दिवसांत उभं राहून काम केलं, त्यांच्या धिटाईपुढे आमची सगळी दिग्दर्शनं फिकी आहेत. लग्नानंतर त्यातल्या बहुतेकींचं नाटक सुटलं. त्यांच्या नवऱ्यांचं सुटलं नाही.

नेपथ्य म्हणजे बांबू, तट्टे, गोणपाट आणि डिंकाचा वास. गोणपाटावर खळ चढवून रंग मारला की वाड्याची भिंत होते. तीच उलटी केली की तुरुंग. लेव्हली भाड्याने, स्पॉट भाड्याने, डिमरवर बसणारा माणूस भाड्याचा नव्हे तर मिन्नतवारीचा. अकोल्याचं मंडळ अमरावती केंद्रावर निघालं की हा सगळा डोलारा टेम्पोत बसायचा आणि मागे कुणीतरी पोरगं भिंत धरून उभं. ज्यांनी जुना मूर्तिजापूर रस्ता पाहिला आहे त्यांना कळेल की भिंत का धरावी लागे. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत करून जागतिक विक्रम झाला. सबंध देशात कौतुक झालं. आमच्या नेपथ्यकाराची प्रतिक्रिया एवढीच होती, की बुवा, चाळीस वर्षं आधी केला असता तर माझ्या तीन खिडक्या वाचल्या असत्या.

मग तो प्रयोग. तीन परीक्षक, त्यांच्यासमोर मिणमिणता दिवा, नाममात्र तिकीट, एका संध्याकाळी एक नाटक. पहिलं आलेलं नाटक अंतिम फेरीला जातं. अभिनयाला रौप्यपदक, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना वेगळी पारितोषिकं. या स्पर्धेचा हा गुण मला फार मोठा वाटतो: दिवे लावणाऱ्याचं नाव व्यासपीठावरून पुकारलं जातं. निकालाच्या रात्री गिला वड्याच्या गाडीभोवती जी समीक्षा चालते ती छापण्याजोगी नसते, आणि बहुतेक वेळा परीक्षकांच्या अहवालापेक्षा नेमकी असते. स्पर्धेचा दोषही तिथेच कळतो. नाटक एकदा होतं, फार तर अंतिम फेरीत दुसऱ्यांदा. दीड-दोन महिन्यांची तालीम आणि एक प्रयोग. दहावा प्रयोग केल्याशिवाय नटाला भूमिका कळत नाही असं म्हणतात. मग आमच्या किती नटांना आपली एकही भूमिका कधी कळलीच नसेल!

कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा, वीज मंडळाच्या नाट्यस्पर्धा, बालनाट्य यांनी ही भूक थोडी भागवली. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ झालं आणि युवक महोत्सवातून एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय करणाऱ्या पोरांचा ओघ सुरू झाला. पाच जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतून दरवर्षी नवे चेहरे येतात. त्यातले बरे मुंबईला जातात. भारत गणेशपुरे यांच्यासारखा नट इथून गेला आणि वऱ्हाडी बोली घरोघर पोचवून बसला. बाकीचे इथेच नोकरीला लागतात आणि संध्याकाळी तालमीला येतात. इतिहास लिहायचा तो या दुसऱ्यांचा.

जागेचं दुखणं जुनंच. विदर्भ साहित्य संघाचा जन्म १९२३ च्या संक्रांतीला अमरावतीतला, पहिले अध्यक्ष दादासाहेब खापर्डेच; पण त्याचं धनवटे रंगमंदिर उभं राहिलं नागपुरात. लेक इथली, माहेरपण तिथे! अमरावतीत मोर्शी रोडचं संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन, अकोल्यात प्रमिलाताई ओक सभागृह. या दोन वास्तूंनी आम्हाला सांभाळलं आणि आम्ही त्यांच्या भिंतींना खिळे ठोकले. पण नाटकवाला हा अशा सभागृहाचा सर्वांत गरीब भाडेकरू. शिबिरं, सत्कार, क्लासवाल्यांचे गुणगौरव हे आधी. त्यांना मंच पुरतो. आम्हाला विंगा लागतात, आदल्या दिवशी रंगीत तालीम लागते, आणि ती तारीख कुणाच्या तरी अभीष्टचिंतन सोहळ्याला गेलेली असते. नाट्यगृह आणि सभागृह या दोन वेगळ्या इमारती आहेत, हे नगररचना करणाऱ्यांना एकदा नीट समजावून सांगायला हवं.

आता ही स्मरणिका ज्या महोत्सवासाठी आहे त्यातल्या नाटकांविषयी थोडं, कारण वेळापत्रक पुढच्याच पानावर आहे. भाषेचा प्रश्न इथे दरवर्षी निघतो. जुन्या नाटकांत वऱ्हाडी बोलायचा तो गडी किंवा विदूषक. मालक पुणेरी बोलायचा. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली मुंबईत उभं राहिलं आणि विदर्भातल्या एका देशपांड्यांच्या वाड्याची पडझड, तिथल्या बोलण्याच्या वळणासह, साऱ्या महाराष्ट्राने गंभीरपणे पाहिली. पारव्याच्या या लेखकाने आपल्याला दिलेली मोकळीक मोठी आहे: आपल्या बोलीत रडताही येतं. त्याआधी उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने १९६० सालीच कादंबरीत ते करून दाखवलं होतं. दूरचित्रवाणीने मात्र वऱ्हाडीला पुन्हा हशाकडे ओढलं. आमची मुलं या दोहोंच्या मध्ये सापडली आहेत.

दुसरा धोका आमचा आम्हीच तयार केला. शेतकऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्या तशी त्या विषयावर संहितांची रीघ लागली. विषय आपल्या घरातला, टाळणं शक्य नाही. पण काही वर्षांत त्याचाही साचा झाला: कर्ज, सावकार, पोरीचं लग्न, शेवटच्या प्रवेशात वरून सोडलेला दोर आणि त्यावर लाल प्रकाश. ज्यांच्या घरी हे खरोखर घडलं ते प्रेक्षागृहात बसलेले असतात. यंदाच्या संहिता वाचताना मला बरं वाटलं ते यासाठी, की शेताविषयी बोलणाऱ्या नाटकात दोर नाही; तलाठ्याची कचेरी आहे, पीकविम्याचा अर्ज आहे आणि मागे राहिलेली बाई आहे. ती सात-बारावर नाव चढवायला निघते. हसायलाही जागा आहेत. बालनाट्याची पोरं सकाळच्या सत्रात आहेत; त्यांच्यासाठी आई-वडिलांखेरीज इतरांनीही यावं.

प्रयोग जाहीर वेळेलाच सुरू होईल. प्रमुख पाहुणे वाटेत असले तरी. हा ठराव कार्यकारिणीत एकमताने नव्हे, बहुमताने झाला आहे, हेही नोंदवून ठेवतो.

आणखी एक बदल या अंकात दिसेल. शुभेच्छा संदेश आणि मान्यवरांची छायाचित्रं या वेळी मागच्या पानांवर गेली आहेत. पुढे छापली आहेत ती प्रत्येक नाटकाच्या नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, वेशभूषा, संगीत आणि रंगमंच व्यवस्था सांभाळणाऱ्यांची नावं, प्रॉम्प्टरसकट, टेम्पोवाल्यासकट. मोसमाच्या कंपन्यांतल्या नायकांची नावं आपल्याला पाठ आहेत. त्यांचे पडदे ओढणाऱ्यांची नावं कुणी छापली नाहीत म्हणून गेली. नावांत कुठे काना-मात्रा चुकली असेल तर प्रयोगाच्या रात्री तिकीट खिडकीशेजारच्या टेबलावर कळवावी. निकाल लागल्यावर आलेल्या तक्रारी कोणत्या मंडळाच्या आहेत ते पाहूनच वाचल्या जातील.